बार्शीचा बस क्लिनर, ज्याचा डफ वाजला की संयुक्त महाराष्ट्राच्या सभा भरायच्या : शाहीर अमर शेख

दरवर्षी १ ऑगस्टला अण्णाभाऊ साठेंची जयंती असते. त्या दिवशी उजनी धरणाकाठच्या कुठल्याही गावात जा, करमाळ्याकडचं असो की इंदापूरकडचं, सकाळपासून स्पीकरवर 'माझी मैना' लागलेली असते. दुपारपर्यंत त्याचे स्टेटस पडतात, रात्री रील येतात. गाणं अण्णाभाऊंचं आहे हे आता बऱ्याच जणांना माहिती झालंय. पण हे गाणं ज्याच्या आवाजावर गावोगाव पोचलं, तो माणूस आपल्याच सोलापूर जिल्ह्यातला होता आणि त्याचा शेवटही आपल्याच भागात, इंदापूरजवळ झाला, हे सांगितलं की समोरचा विचारतो, कोण?

शाहीर अमर शेख.

पुण्यातल्या लोकांना हे नाव चौकामुळे माहिती आहे. जुन्या बाजाराजवळचा शाहीर अमर शेख चौक. ऑक्टोबर २०१८ मध्ये तिथं होर्डिंग कोसळून चार जणांचा जीव गेला तेव्हा दिवसभर टीव्हीवर हे नाव चाललं होतं. नाव चौकाला दिलं की माणूस लक्षात राहतो असा आपला समज असतो. होतं उलटंच. चौक लक्षात राहतो, माणूस नाही.

तर विषय सुरुवातीपासून घेऊ.

२० ऑक्टोबर १९१६. बार्शी. आज बार्शी म्हटलं की लोकांना भगवंताचं मंदिर, तुरीचा बाजार आणि तिथलं राजकारण आठवतं. त्या काळात बार्शी हे व्यापाराचं आणि कापडगिरण्यांचं गाव होतं. १८९७ साली कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत छोटी रेल्वे आली होती, तीच ती प्रसिद्ध बार्शी लाईट रेल्वे. माल यायचा, माल जायचा, गिरणीचा भोंगा वाजायचा आणि आसपासच्या कोरडवाहू खेड्यांतली माणसं कामाला गावात यायची.

या गावातल्या एका गरीब मुसलमान घरात एक पोरगा जन्मला. नाव मेहबूब हुसेन पटेल. घरात पैसा नव्हता, पण आईकडं एक गोष्ट भरपूर होती, ती म्हणजे गाणी. आईचं नाव मुनेरबी. बायाबापड्यांच्या तोंडी असणारी लोकगीतं मुनेरबींना येत होती आणि मेहबूबच्या कानावर ती लहानपणापासून पडत राहिली. पुढं हजारोंच्या सभेत जो आवाज घुमला त्याचं शिक्षण कुठल्या उस्तादाकडं झालं नाही, ते घरात झालं.

इथं एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. आज आपण भाषेवरून आणि धर्मावरून जे खाचे पाडतो, ते या घराला लागूच होत नाहीत. सोलापूर जिल्ह्यातल्या कितीतरी मुसलमान घरांत आजही तेच आहे. घरात दखनी, दारात मराठी आणि गाणं म्हणायची वेळ आली की जे ओठावर येईल ते. मेहबूबची मराठी ही शाळेत शिकलेली मराठी नव्हती. ती बार्शीच्या मातीतली होती, म्हणून तर ती नंतर महाराष्ट्रभर चालली.

शाळा फार झाली नाही. पोट भरायला हाताला मिळेल ते काम त्यानं केलं. बसवर क्लिनर म्हणून राहिला. नंतर गिरणीत कामगार झाला.

आता तो काळ बघा. १९३० साली सोलापूर शहर पेटलं होतं. मे महिन्यात लोकांनी इंग्रजांचा अंमल जवळजवळ झुगारून दिला आणि सरकारनं थेट मार्शल लॉ लावला. १२ जानेवारी १९३१ ला मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना येरवड्यात फाशी दिली गेली. मेहबूब तेव्हा चौदा वर्षांचा होता. ज्या जिल्ह्यात एकाच दिवशी अशी चार वेगवेगळ्या समाजांतली माणसं फासावर गेली, त्या जिल्ह्यात तो वयात येत होता. त्याच्यावर या घटनेचा परिणाम झाला असं मी ठामपणे लिहीत नाही, पण त्या हवेत वाढलेला गिरणी कामगार पुढं काय करणार याचा अंदाज बांधायला फार डोकं लागत नाही.

त्यानं संप केला. नुसता सामील झाला नाही, तर गिरणीच्या संपाचा पुढारी झाला. त्याचं बक्षीस म्हणून विसापूरच्या जेलमध्ये रवानगी झाली. हे विसापूर म्हणजे नगर जिल्ह्यातलं, श्रीगोंदा तालुक्यातलं. त्या काळात चळवळीतली कितीतरी माणसं तिथं डांबलेली असायची. पोलिसांना वाटायचं जेलमध्ये टाकलं की माणूस गप्प होतो. पण या जेलांचं झालं होतं कॉलेज. विसापुरात मेहबूबला कॉम्रेड रघुनाथ कऱ्हाडकर भेटले आणि कम्युनिस्ट विचारांची ओळख झाली. गिरणीत जे भोगलं होतं त्याला इथं नाव मिळालं. आत गेला होता संप करणारा एक कामगार, बाहेर आला तो कम्युनिस्ट.

मग गडी पोचला कोल्हापूरला. तेव्हाचं कोल्हापूर म्हणजे सिनेमाची पंढरी. मास्टर विनायक यांच्या स्टुडिओत त्यानं काही काळ काम केलं. पडद्यावर चमकायला नव्हे, पोटासाठीच. पण याच काळात एक महत्त्वाची गोष्ट घडली. मेहबूब पटेलचा अमर शेख झाला. मित्रांनी दिलेलं हे नाव त्याला असं काही चिकटलं की मूळ नाव आज फक्त कोशातल्या नोंदीत सापडतं. एक शब्द इकडचा, एक तिकडचा. नाव ठरवून ठेवलं असतं तरी इतकं चपखल बसलं नसतं.

आता खरी गोष्ट सुरू होते ती मुंबईत.

चाळीसच्या दशकातली मुंबई. लालबाग, परळ, वरळी, भायखळा. दोन लाखांहून जास्त गिरणी कामगार. यातला बहुतेक माणूस कोकणातून किंवा घाटावरून आलेला. बायको, पोरं, म्हातारी आई गावाकडं आणि हा इथं दहा बाय दहाच्या खोलीत पंधरा-वीस जणांबरोबर पाळीनं झोपणारा. याला भाषण देऊन काय समजवायचं? दिवसभर मशीनपुढं उभा राहिलेला माणूस रात्री पुढाऱ्याचं तासाभराचं भाषण ऐकायला थांबत नाही. पण ढोलकी वाजली की थांबतो.

हे नेमकं ओळखलं तिघांनी. एक वाटेगावचे अण्णाभाऊ साठे, दुसरे शाहीर द. ना. गव्हाणकर आणि तिसरे आपले अमर शेख. १९४४ च्या सुमारास या तिघांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. त्याच्या वर्षभर आधी मुंबईत इप्टा, म्हणजे भारतीय जननाट्य संघ स्थापन झाला होता. बंगालमध्ये दुष्काळानं लाखो माणसं मरत होती, महायुद्ध चालू होतं आणि कलाकारांनी रस्त्यावर उतरावं अशी हवा देशभर होती. लाल बावटा हा त्या हवेचा अस्सल मराठी अवतार होता.

ज्यांनी कलापथक कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. तमाशाचा साचा तुम्हाला माहिती असेल. आधी गण, मग गवळण, मग बतावणी, मग वग. गणात गणपतीला नमन. या मंडळींनी साचा तोच ठेवला आणि आतला मसाला बदलला. अण्णाभाऊंच्या गणात गणपतीऐवजी या मातीला आणि तिच्यासाठी लढलेल्या, कष्टणाऱ्या माणसांना वंदन असायचं. गवळण काढून टाकली. सोंगाड्याच्या तोंडी विनोद राहिला, पण तो आता सावकारावर, काळ्याबाजारवाल्यावर आणि मतं विकत घेणाऱ्या शेठजीवर व्हायचा. हसता हसता कामगाराला कळायचं की ही तर आपलीच गोष्ट आहे.

यात अण्णाभाऊंची लेखणी होती, गव्हाणकरांची रचना होती आणि अमर शेख यांचा आवाज होता. अर्थात अशी सरळ वाटणी करणं तिघांवरही अन्याय आहे, कारण तिघंही लिहायचे आणि तिघंही गायचे. पण लोकांच्या लक्षात राहिला तो अमर शेख यांचा पहाडी आवाज. हातात डफ, एक पाय पुढं आणि गळ्यातून निघालेली ती पहिली ललकारी. मैदानाच्या शेवटच्या टोकाला बसलेल्या माणसालाही वाटायचं की शाहीर आपल्याच कानाशी गातोय. आज ऑटोट्यूनच्या जमान्यात हे पटणार नाही, पण शाहिराचं सगळं भांडवल त्याचा गळाच असतो. गळा बसला की धंदा बसला.

सरकारलाही या आवाजाची ताकद कळली होती. देश स्वतंत्र झाला, मुंबई इलाख्याचं गृहखातं मोरारजी देसाईंकडं होतं आणि १९४८ नंतर कम्युनिस्टांची धरपकड सुरू झाली. लाल बावटा कलापथकाच्या कार्यक्रमांवर बंदी आली. एका ढोलकीची, एका डफाची आणि चार गाणाऱ्यांची सरकारला भीती वाटावी, हीच त्यांच्या कामाची पावती म्हणायची. तमाशावर बंदी आहे ना, मग आम्ही करतो ते लोकनाट्य, असा तोडगा पुढं निघाला. आज आपण लोकनाट्य हा शब्द सहज वापरतो, त्याच्या रूढ होण्यामागं ही बंदी आहे.

पथक पांगलं तरी अमर शेख थांबले नाहीत. स्वतःचं कलापथक घेऊन ते फिरत राहिले. १९५१ साली त्यांचा 'अमरगीत' हा गीतसंग्रह आला. त्याच वर्षी 'पहिला बळी' हे नाटक आलं. शिवाजी महाराजांवर, होळकरांवर आणि जालियनवाला बागेचा सूड घेणाऱ्या उधमसिंगांवर त्यांनी पोवाडे रचले.

इथं एक अडचणीचा प्रश्न हमखास येतो. कम्युनिस्ट, त्यात मुसलमान, आणि शिवाजी महाराजांचा पोवाडा? आजच्या कमेंट बॉक्समध्ये यावर काय जुंपली असती हे सांगायची गरज नाही. पण शाहिरीचा इतिहास थोडा जरी चाळला तरी प्रश्नच उरत नाही. शाहीर हा शब्दच अरबी-फारसीतून आलेला, शायरचा भाऊ. पेशवाईच्या अखेरीस गाजलेल्या मोठ्या शाहिरांमध्ये होनाजी बाळा जसे आहेत तसे सगनभाऊ आहेत, आणि सगनभाऊ मुसलमान होते. अफझलखानाच्या वधावरचा अज्ञानदासाचा पोवाडा हा शिवकाळातला सगळ्यांत जुना उपलब्ध पोवाडा मानतात. तिथून सुरू झालेली ही वाट सगळ्या जातीधर्मांच्या गळ्यांतून आली. अमर शेख त्या वाटेवरून चालत होते. नवीन काही करत नव्हते.

मग आलं १९५५.

राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल आला. बाकीच्या भाषांना आपापली राज्यं मिळायची चिन्हं होती, मराठी माणसाला मात्र मुंबईसकट महाराष्ट्र द्यायला दिल्ली तयार नव्हती. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली आणि शहर पेटलं. पुन्हा गोळ्या. या लढ्यात शंभराहून जास्त माणसं गेली. ६ फेब्रुवारी १९५६ ला पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. डांगे, अत्रे, एसेम जोशी, प्रबोधनकार ठाकरे, सेनापती बापट, एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे पक्ष आणि माणसं एका मांडवात आली.

पुस्तकांत या लढ्याचा इतिहास नेत्यांच्या नावानं लिहिलेला असतो. पण जरा विचार करा. त्या वेळी टीव्ही नाही, रेडिओ सरकारी, वर्तमानपत्र वाचता येणारे थोडे. समितीची बाजू खेड्यापाड्यात पोचवली कुणी? अत्रेंचा 'मराठा' निघाला तोच मुळी नोव्हेंबर १९५६ मध्ये, आणि तो वाचायला अक्षरओळख लागायची. अमर शेख ऐकायला फक्त कान लागायचे. अमर शेख, अण्णाभाऊ, गव्हाणकर, आत्माराम पाटील अशा शाहिरांनी महाराष्ट्र अक्षरशः पिंजून काढला. सभेच्या आधी शाहिरांचा कार्यक्रम ठेवायचा म्हणजे माणसं लवकर येतात, हे प्रत्येक कार्यकर्त्याला माहिती होतं. कितीतरी लोक पुढाऱ्याच्या भाषणाला नव्हे तर शाहिराला ऐकायलाच यायचे, भाषण मग पदरात पडायचं.

याच लढ्यातली ती 'माझी मैना'. लिहिली अण्णाभाऊंनी आणि लोकांपर्यंत नेली अमर शेख यांच्या गळ्यानं. ऐकायला ती विरहाची छक्कड आहे. मुंबईला कामाला आलेला एक गडी गावाकडं राहिलेल्या बायकोच्या आठवणीनं तळमळतोय. तिचं रूप, तिचे दागिने, निघतानाचा तिचा चेहरा, सगळं त्यात आहे. गिरणीतल्या प्रत्येकाची हीच गोष्ट होती, म्हणून तो ऐकताना हळवा व्हायचा. आणि शेवटाकडं येता येता अण्णाभाऊ डाव टाकतात. जशी या गड्याची मैना दूर राहिली, तशी महाराष्ट्राची बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव ही लेकरं दूर राहिली. एका क्षणात बायकोच्या आठवणीचं गाणं राजकारणाचं गाणं होतं आणि ऐकणाऱ्याच्या घशातला आवंढा तसाच राहतो. रीलमध्ये आपण ऐकतो ती बहुतेक वेळा पहिली तीस सेकंदं. हा शेवट त्यात येतच नाही. पुढं विठ्ठल उमपांपासून अनेकांनी ही छक्कड गायली आणि ती जिवंत ठेवली, पण तिचा जन्म सभेच्या मैदानात झालाय हे विसरून चालणार नाही.

उजनीकाठच्या माणसाला हे गाणं जरा जास्तच लागतं, त्याला वेगळं कारण आहे. आमच्याकडं मैनाच काय, अख्खं गावच मागं राहिलंय. धरणात गावं गेली, माणसं नव्या गावठाणात आली. उन्हाळ्यात पाणी आटलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं आणि जुनी माणसं आपलं घर कुठं होतं ते हातानं दाखवतात. गाणं लिहिताना अण्णाभाऊंच्या डोक्यात हे असणं शक्यच नव्हतं, तेव्हा धरण झालंच नव्हतं. पण गाणं एकदा लोकांचं झालं की ते कुणाच्याही दुःखाला बसतं.

१९५७ च्या निवडणुकीत समितीनं मुंबई आणि पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला चांगलाच हिसका दाखवला. शेवटी १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, मुंबईसकट. ज्या यशवंतराव चव्हाणांवर समितीच्या सभांतून टीकेचे आसूड ओढले गेले होते तेच नव्या राज्याचे पहिले मुख्यमंत्री झाले. आणि उजनीच्या जलाशयाला आज त्यांचंच नाव आहे, यशवंतसागर. राजकारणात शाहिराच्या वाट्याला काय येतं, तर गाणं. राज्य मिळालं पण बेळगाव, कारवार नाही मिळालं. 'माझी मैना'चा शेवट खोटा ठरला नाही याचा आनंद कुणाला झाला असेल असं वाटत नाही.

गोवा मुक्तीच्या लढ्यातही अमर शेख यांचा डफ वाजला. पण त्यांची खरी कसोटी लागली ती १९६२ ला.

ऑक्टोबरमध्ये चीननं हल्ला केला. भारतीय कम्युनिस्ट पक्षात फूट पडायला सुरुवात झाली. चीनला आक्रमक म्हणायचं की नाही यावरच वाद होता, आणि दोन वर्षांनी, १९६४ ला पक्ष खरोखरच फुटला. अशा वेळी ज्या माणसानं आयुष्य लाल बावट्याखाली काढलं, त्यानं काय करायचं? गप्प बसणं सोपं होतं. अमर शेख गप्प बसले नाहीत. चिनी आक्रमणाविरुद्ध त्यांनी गाणी रचली, गावोगाव गायली आणि जवानांसाठी निधी गोळा केला. १९६५ ला पाकिस्तानशी युद्ध झालं तेव्हाही तेच केलं. पहिल्या युद्धात लोक त्यांच्यातल्या कम्युनिस्टाकडं संशयानं बघू शकत होते, दुसऱ्या युद्धात त्यांच्यातल्या मुसलमानाकडं. मला स्वतःला त्यांच्या आयुष्यातला हा भाग सगळ्यांत अवघड वाटतो. पन्नाशीकडं झुकलेला माणूस, ज्यानं स्वातंत्र्यासाठी आणि महाराष्ट्रासाठी घसा फोडला, त्याला पुन्हा पुन्हा निष्ठा सिद्ध करायची वेळ येऊ नये. पण त्यांनी त्याची तक्रार न करता डफ उचलला.

शाहिरीच्या गोंधळात त्यांच्यातला कवी जरा झाकला गेला. १९५८ ला 'कलश' आणि १९६३ ला 'धरतीमाता' हे त्यांचे कवितासंग्रह आले. मैदानात गायचं गाणं आणि कागदावर वाचायची कविता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्यांना पक्कं माहिती होतं. 'युगदीप' आणि 'वख्त की आवाज' ही नियतकालिकंही त्यांनी चालवली, एक नाव मराठी, एक हिंदुस्थानी. सिनेमातही दिसले. अत्रेंच्या १९५४ च्या 'महात्मा फुले' मध्ये त्यांची भूमिका होती, आणि १९६१ च्या 'प्रपंच' मध्ये ते सुलोचनादीदींबरोबर होते. पोरांच्या संख्येनं पिचलेल्या एका गरीब कुंभाराच्या संसाराची ही गोष्ट. यूट्यूबवर जुने मराठी सिनेमे बघायची सवय असेल तर तो जरूर शोधा. शाहिरांचं नुसतं नाव वाचण्यापेक्षा त्यांना चालता-बोलता बघणं कधीही चांगलं.

घरच्या गोष्टीबद्दल थोडंच सांगतो. कुसुम जयकर यांच्याशी त्यांनी लग्न केलं. तो काळ लक्षात घ्या, हे लग्न म्हणजे धर्माची भिंत ओलांडणं होतं. १९५७ साली, म्हणजे समितीच्या त्या निवडणुकीच्या वर्षी, फेब्रुवारीत त्यांची मुलगी मलिका जन्मली.

आणि मग १९६९ चं साल उजाडलं.

हे वर्ष मराठी माणसाला काय दाखवून गेलं ते तारखांतच बघा. १३ जूनला आचार्य अत्रे गेले. १८ जुलैला अण्णाभाऊ साठे गेले, मुंबईत, हलाखीत. ज्यांच्या लेखणीनं आणि वाणीनं संयुक्त महाराष्ट्राचा लढा उभा राहिला त्यातले दोघं पाच आठवड्यांत संपले. कलापथकाच्या तिघांतला एक गेला होता.

२९ ऑगस्ट १९६९. इंदापूरजवळ अपघात झाला आणि त्यात शाहीर अमर शेख गेले. वय ५२.

बसच्या क्लिनरपासून सुरू झालेलं आयुष्य रस्त्यावरच संपलं. आयुष्यभर हा माणूस एका गावातून दुसऱ्या गावात जात राहिला, आज इथं कार्यक्रम, उद्या तिथं. त्या काळचा पुणे-सोलापूर रस्ता म्हणजे आजचा चार पदरी हायवे नव्हता. जन्मगाव बार्शी तिथून फार लांब नाही. भीमेवर धरणाचं काम तेव्हा चालू होतं, पाणी अजून अडलं नव्हतं, काठावरची गावं अजून जागेवर होती. आज आपण भिगवण सोडलं की फ्लेमिंगो दिसतात का म्हणून डावीकडं बघतो, इंदापूरला चहाला थांबतो, पुढं भीमानगरचा पूल ओलांडून टेंभुर्णीकडं निघतो. महाराष्ट्राच्या एका मोठ्या शाहिराचा प्रवास याच पट्ट्यात थांबला, हे बहुतेकांच्या गावीही नसतं.

ते इतके विसरले का गेले, याची कारणं शोधायला लागलं की काही गोष्टी समोर येतात. एक तर शाहिराचं काम मैदानात होतं आणि मैदानातच संपतं. त्या हजारो सभांमधलं ध्वनिमुद्रण किती झालं असेल? आवाज ज्यांनी ऐकला त्यांच्या कानात राहिला आणि ती पिढी आता जवळजवळ संपली. दुसरं, जी गाणी उरली ती चळवळीची झाली, त्यावरचं नाव पुसलं गेलं. आणि तिसरं जरा कडू आहे. आपल्याकडं मोठ्या माणसाची आठवण ठेवायला त्याच्या मागं एखादा समाज किंवा एखादा पक्ष उभा लागतो. अमर शेख यांच्या मागं असा हक्क सांगणारं कुणीच नव्हतं. कम्युनिस्ट पक्ष महाराष्ट्रात आक्रसत गेला, गिरण्या बंद पडल्या, गिरणगावात मॉल आले. ऐकणारेच गेले, मग शाहिराची जयंती करणार कोण?

तरी अगदीच काही नाही असं नाही. मुंबई विद्यापीठात शाहीर अमर शेख यांच्या नावाचं अध्यासन आहे. २०१६ ला त्यांची जन्मशताब्दी झाली.

आणि मलिका आहेत. वडील गेले तेव्हा त्या बारा वर्षांच्या होत्या. पुढं त्या मराठीतल्या महत्त्वाच्या कवयित्री झाल्या, दलित पँथरचे नामदेव ढसाळ यांच्याशी त्यांनी लग्न केलं आणि १९८४ साली 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' हे आत्मचरित्र लिहिलं. मराठीत बाईनं इतकं उघडं लिहिण्याची तेव्हा सवय नव्हती, पुस्तकानं बरीच खळबळ उडवली. बहुतेक लोक ते ढसाळांसाठी वाचतात. पण त्यात शाहिराच्या घरात गेलेलं बालपणही आहे. वडिलांवर त्यांनी वेगळं पुस्तकही लिहिलं, त्याचं नाव 'सूर एका वादळाचा'.

लग्नानंतरही त्यांनी नाव बदललं नाही. पुस्तकांवर त्या आजही मलिका अमर शेख हेच नाव लावतात. पटेल नाही, ढसाळ नाही. कोल्हापुरात मित्रांनी एका गरीब गिरणी कामगाराला दिलेलं ते नाव त्यांनी आडनाव म्हणून ठेवलं.